मांडवाच्या दारातला वसंत

३ मार्च १९४६, रविवार

वही दोन महिने कोरीच होती. रोज लिहायचं ठरवून जानेवारीत एकच शब्द लिहिला होता, "पडसं". आज मात्र लिहायला कारण आहे. यंदा रामनवमीपासून तीन दिवस सातारला वसंत महोत्सव करायचं ठरलं आणि मंडळानं मला चिटणीस केलं. नाटक, गाणं, कीर्तन, लेझीम, पोवाडा, सगळं एका मांडवात. लढाई संपली, लोकांना जरा चार बरे दिवस दिसू देत, असं अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष म्हणजे नाथाजीराव वकील. ते बोलले की बाकीचे माना हलवतात, मीही हलवतो. चिटणीसाला हलवावीच लागते.

मी एकच गोष्ट मनात धरली आहे. आमच्या गावच्या अर्जुनाची सनई व्यासपीठावर ऐकवायची. लग्नात वाजवतो तसली नव्हे. मी सात-आठ वर्षांचा असताना कोयनेच्या काठी, पाटणच्या अलीकडं, तो एकटाच बसून काहीतरी वाजवायचा. मी घरी न सांगता जायचो आणि करंजाच्या मागं उभा राहायचो. ते सूर पुन्हा मी कुठंच ऐकले नाहीत, गावात नाही आणि पुण्याच्या नाटकातही नाही. पन्नाशी आली तरी विसरलो नाही.

चंद्राबाईला सांगितलं. ती म्हणाली, "आधी आपल्या शालूच्या लग्नाचं बघा, मग उत्सव." वैशाखात लग्न आहे, विट्याची मंडळी. अर्जुनाची सनई त्यालाही लागणारच आहे.

१० मार्च, रविवार

गावी जाऊन आलो. सर्व्हिस मोटार उंब्रजला दीड तास उभी. अर्जुना आता साठीचा, छातीत घरघर आहे, पण सनई हातात घेतली की घरघर कुठं जाते कळत नाही. पुतण्या जोतिबा पलटणीतून सुटून आलाय, तो सूर धरतो. म्हणजे दुसऱ्या सनईवर एकच स्वर अखंड धरून बसायचं, मधे दम तोडायचा नाही.

त्याला ओसरीवर बोलावलं. तो अंगणातच बसला. त्याची कपबशी आमच्या अंगणातल्या कोनाड्यात असते, ती वहिनीनं विसळून ठेवलीच होती. मी असलं काही मानत नाही, पण गावात वहिनीचं चालतं.

"अर्जुना, सातारला व्यासपीठावर वाजवायचं. तिसऱ्या दिवशी, एक तास. लोक फक्त तुला ऐकायला बसतील."

तो म्हणाला, "आवं लालासाब, लग्नात आमाला कोन ऐकतंय? भटजी तयार झालं की मांडवातनं कुनीतरी हात वर करतंय, आमी थांबतो. पन्नास वर्सं झाली. सुरू केल्यालं कवा पुरं झालंच न्हाई."

मग त्यानं एक सांगितलं, ते मला ठाऊक नव्हतं. नदीकाठी वाजवायचा तो वसंत राग. बापानं दिलेला. देताना बापानं सांगितलं होतं, हा लग्नात वाजवायचा नाही, ऐकायला बसलेल्या माणसांपुढंच वाजवायचा. तशी माणसं पुढं कधी बसलीच नाहीत. बाप नदीपाशी वाजवून गेला, हाही नदीपाशीच वाजवतोय. जोतिबाला अजून दिलेला नाही. एकदा पुरा माणसांपुढं वाजवीन, मग देईन, म्हणतो.

"कुनी हात करनार न्हाई न्हवं?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

मोटारीत बसल्यावर डोळ्यांत पाणी आलं. धूळ होती, पण धुळीचं नव्हतं.

१९ मार्च, मंगळवार

होळी झाली. आज सभा. पत्रिका ठरली. राजमतीबाई सांगलीहून येणार, त्यांचं नाट्यसंगीत शेवटच्या दिवशी शेवटी. दोन नाटकं, एक कीर्तन, पोवाडे, तालीम संघाचं लेझीम. उद्घाटनाला जहागीरदार येणार, त्यांच्याकडून व्यासपीठावर अंथरायला मोठा गालिचा येणार.

मी अर्जुनाचं नाव काढलं. "तिसऱ्या दिवशी एक तास सनई ठेवावी म्हणतो. माणूस असामान्य आहे."

मग कोषाध्यक्ष म्हणाले, "गालिचा परक्याचा आहे, जपून वापरायला हवा. जसाच्या तसा परत द्यायचाय." यावर सगळ्यांनी हं हं केलं. गालिच्याचा आणि सनईचा संबंध मला लागला नाही. मग नाथाजीराव म्हणाले, "लालासाहेब, सनई मंगल वाद्य. तिचा मान दारात. आरंभच तिनं व्हायचा. पहिला दिवस, साडेपाच ते सहा, मांडवाच्या दारात. ह्याहून मोठा मान कोणता?"

ते खरंही आहे. शिवाय तिसऱ्या दिवशी वेळ खरोखर कमी आहे, मी स्वतः मांडून पाहिलं. राजमतीबाईंच्या आधी तासभर दुसरं काही ठेवणं बरं दिसणार नाही. मी एकदा म्हणालो, अर्धा तास कमी पडेल. कुणाला ऐकू गेलं नसावं.

 

२४ मार्च, रविवार

पत्रिका छापून आली. पिवळा कागद, हिरवी शाई, छान दिसते. तीन दिवसांत काय काय आहे ते एका नजरेत कळतं. गावातली पोरं दुकानादुकानांतून चिकटवत फिरताहेत. सगळ्यांची नावं ठळक. पहिल्याच ओळीत "सायं. ५॥ : मंगलवाद्य." अर्जुनाचं नाव नाही. मजकूर मीच लिहून दिला होता. लिहिताना वाटलं, दारातल्या वाद्याला नाव घालण्याची रीत नाही, आणि घातलं तर कोणी विचारील, का घातलं. शिवाय अर्जुनाला वाचता येत नाही. वाईट वाटायला त्याला कळायला तर हवं.

हे वाक्य लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. खोडत नाही. वही माझ्यापुरतीच आहे.

३ एप्रिल, बुधवार, पाडवा

अर्जुना आणि जोतिबा आले होते, पाडव्याला येतात तसे, आंब्याचे टाळे घेऊन. मी आठ दिवस पत्र लिहीन लिहीन म्हणत होतो. आता समोरच आला.

सांगितलं. पहिला दिवस. दारात. अर्धा तास.

तो म्हणाला, "दार तर आमचंच हाय, लालासाब."

जोतिबा मात्र बोलला. पलटणीत राहून तोंड सुटलंय त्याचं. "पत्रिका वाचली म्या नाक्यावर. काकाचं नाव न्हाई तेच्यात." त्याला वाचता येतं हे मी विसरलोच होतो. मी म्हणालो, छापणाऱ्याची चूक झाली. हे खोटं आहे. पाडव्याच्या दिवशी खोटं बोललो.

अर्जुनानं त्याला गप्प केलं. "नाव कशाला पायजेल रं? नाव काय वाजतंय व्हय?" मग मला म्हणाला, "अर्ध्या तासात बसवतो म्या वसंत. आवळून बसवतो. पर पुरा अर्धा तास गावल न्हवं? मधी हात करनार न्हाई न्हवं कुनी?"

"मी स्वतः दारात उभा राहीन," मी म्हणालो. "कुणाला हात करू देणार नाही. माझी जबाबदारी."

तो हसला. दात दोनच राहिलेत पुढचे. म्हणाला, "मग झालंच की!"

चंद्राबाईनं दोघांना श्रीखंड दिलं, बाहेर, पत्रावळीवर. तिनं मनापासून दिलं.

७ एप्रिल, रविवार

मांडव उभा राहिला. दारात केळीचे खांब. मी तिथं सनईवाल्यांसाठी एक बाजलं मांडून वर जाड सतरंजी घालायला सांगितली. उंचावर बसतील, लोकांना दिसतील. नाथाजीरावांनी बघितलं, काही बोलले नाहीत. संध्याकाळी पुन्हा गेलो तर बाजलं नव्हतं, सतरंजी खाली जमिनीवर होती. कुणी काढलं ते विचारलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला अडचण झाली असेल.

चिटणीसपद घेतलं नसतं तर बरं झालं असतं. हे काम माणसाचं नव्हे.

११ एप्रिल, गुरुवार

लिहायला बसलोय. सांगायचं ते क्रमानं सांगतो.

साडेपाचला अर्जुनानं सुरू केलं. नवा फेटा बांधून आला होता, बरोबर सूर धरायला जोतिबा आणि तालाला एक संबळवाला. मी घड्याळ हातात घेऊन त्याच्या समोर, दाराच्या आत उभा. लोक येत होते, बायका पोरांना ओढत होत्या, सरबतवाला ओरडत होता. पहिली पाच मिनिटं कुणाचं लक्ष नव्हतं. तो फार हळू वाजवत होता, एकेक सूर तपासून ठेवत होता. डोळे मिटलेले. मग सरबतवाला गप्प झाला. का ते त्यालाही कळलं नसावं. दोन-चार माणसं आत जायची थांबली आणि खांबाशी टेकली. एक म्हातारा सतरंजीच्या कडेला खाली बसला.

आणि मला नदी दिसली. करंज दिसला. बेचाळीस वर्षांनी तेच सूर, फक्त आता मी कुठंही लपलेलो नव्हतो. मला इतकं बरं वाटलं की मला वाटलं, चला, सगळं माफ झालं. पत्रिका, बाजलं, सगळं.

सहाला दहा मिनिटं असताना बाहेर मोटार आली. जहागीरदार वेळेआधी आले. नाथाजीराव हार घेऊन व्यासपीठावर उभे होते, त्यांनी मांडवाच्या त्या टोकाहून माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. एक शब्द बोलले नाहीत, खूण केली नाही. हे मी स्वतःला बजावून लिहितो, कारण उद्या मला वाटेल की त्यांनी सांगितलं होतं.

माझा हात वर गेला.

मी केला असं आठवत नाही. मी पाहुण्यांचा विचार करत होतो, त्यांना वाट करून द्यायला हवी वगैरे. लहानपणापासून शंभर लग्नांत वडील तसा हात करताना बघितले, भाऊ करताना बघितला, आणि माझ्या लग्नात मामांनी केला होता. हात तसाच वर गेला, पंजा उघडा.

संबळ लगेच थांबला. जोतिबानं माझ्या हाताकडं बघितलं आणि सूर सोडला. अर्जुनाचे डोळे मिटलेलेच होते. तो एकटाच पुढं वाजवत राहिला, मागं सूर नाही, ताल नाही. फार वेळ नाही, एका श्वासाचा. मग जोतिबानं त्याच्या गुडघ्याला हात लावला.

त्यानं डोळे उघडले. माझ्या तोंडाकडं नाही बघितलं. हाताकडं बघितलं. तो अजून वरच होता.

जहागीरदार आत आले, टाळ्या झाल्या. ग्रामीण कला जगल्या पाहिजेत या विषयावर ते चाळीस मिनिटं बोलले. मी आभार मानले. आभार मानताना माझा आवाज स्वच्छ होता असं लोक म्हणाले.

मागं सनईवाल्यांसाठी बुंदी-चिवड्याची पानं मांडली होती आणि अर्जुनाला द्यायला नवं धोतर आणि नारळ काढून ठेवला होता. जाऊन बघितलं तर पानं तशीच. ते गेले होते. संबळवाला तेवढा भेटला, त्यालाही घाई होती. म्हणाला, "म्हातारा काय बोलला न्हाई. पत्ती काढून खिशात टाकली नि चालाय लागला." पत्ती म्हणजे सनईच्या तोंडाची जीभ. वाजवणं संपलं की काढतात.

दिलेला शब्द मीच मोडला. दुसऱ्या कुणी मोडला असता तर मी भांडलो तरी असतो.

१२ एप्रिल, शुक्रवार

सकाळी राजमतीबाईंना भेटायला मांडवाशेजारच्या शाळेत गेलो, त्यांची उतरायची सोय तिथं आहे. कालच आल्या. बोलायला मोकळ्या आहेत. जाताच म्हणाल्या, "चिटणीस, काल दारात सनई कोण वाजवत होतं हो?"

"आमच्या गावचा एक वाजंत्री," मी म्हणालो.

"मी खिडकीशी बसून राहिले होते. चहा थंड झाला. वसंत असा मी उभ्या जन्मात ऐकला नाही. पुढं कुठं नेतोय ते ऐकायचं होतं मला. मधेच कुणी थांबवलं हो त्याला?"

"पाहुणे आले होते."

मग म्हणाल्या, "पाहुणे येतातच की. त्यांना बोलवा परत. उद्या माझ्या वेळातला अर्धा तास घ्या. मी खाली बसून ऐकीन."

मी हो म्हणालो. बाहेर येऊन उभा राहिलो. सायकलवर माणूस पाठवला असता तर संध्याकाळपर्यंत गावी पोचला असता. पण आधी नाथाजीरावांना विचारायला हवं होतं, आणि विचारलं असतं तर ते पत्रिकेकडं बोट दाखवून नाहीच म्हणाले असते. मग विचारण्यात काय अर्थ? आणि गालिचाही होताच. विचारलं नाही. माणूसही पाठवला नाही. राजमतीबाईंना सांगितलं, निरोप पोचवायला वेळ नव्हता.

आज नाटक झालं. गर्दी फार. तिसऱ्या अंकात लोक रडले. मी मागं उभा होतो.

१३ एप्रिल, शनिवार

महोत्सव पार पडला. राजमतीबाई सुंदर गायल्या. गाताना एकदा दाराकडं बघितलं त्यांनी, किंवा मला तसं वाटलं. नाथाजीरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पुढल्या वर्षीही तुम्हीच." गालिचा झटकून, गुंडाळून परत पाठवला. कुठंही डाग नव्हता.

मी फार थकलोय. सकाळी उठूच नये असं वाटतं.

२१ एप्रिल, रविवार

गावी गेलो. धोतर आणि नारळ बरोबर नेला होता. अर्जुना अंगणात येऊन बसला, नेहमीच्या जागी. मी ओसरीवरून खाली उतरलो आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो. तो सरकून लांब बसला. मी पुन्हा सरकलो नाही.

"अर्जुना, माझं चुकलं."

"तुमचं कसलं वो? पाव्हनं आलं हुतं."

"तू शिवी दे. दोन शब्द बोल तरी."

"आवं लालासाब, असं काय करताय? हात तर कुनीबी करतंय. तुमी केला." एवढंच म्हणाला. त्यात राग नव्हता, तो असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

मी विचारलं, "जोतिबाला वसंत दिलास का?"

"पुरा झाला तर द्येयाचा. त्यो तितंच ऱ्हायला, मांडवाच्या दारात."

धोतर घेतलं नाही. "पोरीच्या लगनात द्या. तवा घ्यायचा मान हाय आमचा," म्हणाला. उठताना खोकला आला त्याला, फार वेळ चालला. वहिनीनं आतून विचारलं, काय झालं म्हणून. काही नाही म्हणालो.

परत येताना मोटारीत कुणीतरी ओळखलं आणि महोत्सवाची स्तुती केली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. माझ्यासारख्या माणसानं कुणाला शब्द देऊ नये. निदान ज्याला माझ्या शब्दाशिवाय दुसरं काही मिळणार नाही, त्याला तरी नाही.

५ मे, रविवार

शालूचं लग्न लागलं. पाहुणे गेले, ती गेली, घर मोकळं झालं. चंद्राबाई रडून झोपली आहे. दुपार टळलीय. मी हे लिहून टाकतो, नाहीतर छातीत राहील.

अर्जुना वेळेवर आला. धोतर घेतलं, लग्नाचा मान म्हणून, डोक्याला लावून. मी त्याला बाजूला घेतलं. म्हणालो, "मुहूर्ताला पुरा अर्धा तास आहे. भटजींना बजावलंय, विट्याच्या मंडळींना बजावलंय. तू आपणहून थांबेपर्यंत कुणी तोंड उघडणार नाही, कुणी हात करणार नाही. वाटेल ते वाजव. मी तुझ्यापुढं बसून ऐकतो."

"वसंत वाजवू?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "तो लग्नात वाजवायचा नसतो ना?"

"आता काय जी," तो म्हणाला. "त्यो बी दारातलाच झाला."

त्यानं सुरू केला. मी बाकीच्यांनाही बसवलं, व्याह्यांना, मामांना, सगळ्यांना, दाराकडं तोंड करून. लोकांना विचित्र वाटलं पण बसले. मला मात्र बसवेना. मी त्याच्यासमोर उभा राहिलो, दोन्ही हात पाठीमागं, डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून. तेच सूर, तसेच हळू, एकेक तपासून ठेवलेले. मांडवात कुणी हललं नाही. शालू आत लग्नाच्या साडीत बसली होती, तीही ऐकत होती म्हणे. त्या दिवशी जे अर्धं झालं ते आज माझ्या पोरीच्या लग्नात पुरं होणार, असं मला वाटलं. देव मला सोडवतोय असं वाटलं.

वीस मिनिटं झाली असतील. तो एका सुरावर आला आणि थांबला.

जोतिबाचा सूर क्षणभर एकटाच राहिला, मग तोही बंद झाला. मी जागा ओळखली. तीच. माझा हात वर गेला ती.

या खेपेला त्याचे डोळे उघडे होते. माझ्या उजव्या खांद्याच्या वर, जिथं काही नव्हतं, तिथं बघत होता.

"वाजव की रे," मी म्हणालो. "कुणी हात केला नाही."

"व्हय जी," तो म्हणाला. "एवढाच हाय त्यो."

त्यानं पत्ती काढून खिशात टाकली. मुहूर्ताला अजून दहा मिनिटं होती. भटजी माझ्याकडं बघत होते, मंडळी माझ्याकडं बघत होती, आणि मी मनगट धरून तसाच उभा होतो.